शंका आली तर चिकटवा

सरकारी नोकरीच्या पहिल्या दिवशी स्पृहा गावंडेला बसायला खुर्ची मिळाली नाही, पण स्टिकरचा रोल मिळाला. चांगला जाडजूड रोल होता. प्रत्येक स्टिकरवर लाल अक्षरांत ‘सरकारी मालमत्ता’ आणि खाली क्रमांक.

स्पृहा मूळची वर्ध्याची. पुण्यात शिकून सिव्हिल इंजिनिअर झाली. वर्गातली मंडळी खराडीच्या काचेच्या इमारतींत शिरली आणि ही मात्र परीक्षा देऊन सरकारच्या इमारती, जागा, पूल सांभाळणाऱ्या खात्यात आली. आपल्या वाट्याला निदान एखादा पूल तरी येईल अशी तिची समजूत होती. आईने तर आळीत सांगूनही टाकलं होतं की पोरगी खडकवासल्याचं धरण बघते.

“साहेब, नेमकं काय करायचं?” तिने रोल हातात धरून विचारलं.

विद्वांस साहेब कार्यालयाचे प्रमुख. पाठदुखीमुळे घरून आणलेल्या, मान टेकायची सोय असलेल्या ऐसपैस खुर्चीत ते बसत. महिनाअखेरीला निवृत्त होणार होते, आणि स्पृहाला नोकरीत कायम करायचं की नाही याचा अहवाल जाता जाता तेच लिहिणार होते.

“आपण इंजिनिअर ना? मग चिकटवता येत असेल. इमारतीत आणि आवारात जे जे सरकारचं, त्याला एकेक चिकटवायचा आणि क्रमांक नोंदवायचा.”

“पण सरकारचं कुठलं, ते ओळखायचं कसं?”

“शंका आली तर चिकटवा. एखादं जास्त चिकटलं तर बिघडत नाही. राहून गेलं तर बिघडतं.”

शंका येणं हा तर स्पृहाचा लहानपणापासूनचा आजार. ती खोल्याखोल्यांतून हिंडू लागली. एका खोलीत पंखा होता, पण बटण शेजारच्या खोलीत होतं. जिन्याखाली एक दरवाजा नुसताच भिंतीला टेकून उभा होता. त्याची खोली कुठे गेली असेल, या विचाराने तिला जेवण गोड लागेना.

“हा दरवाजा कुठला हो?” तिने मुख्य लिपिक दीपमालाबाईंना विचारलं.

“मी आले तेव्हापासून उभा आहे. बस म्हणायचं कुणी मनावर घेतलं नाही.”

दरवाजाला स्टिकर लागला. कपाटं, घड्याळं, माठ, साहेब जेवायला गेलेले असताना त्यांची केबिन, कशालाही तिने सोडलं नाही. मग ती आवारात उतरली. फाटकाशी पोपटची चहाची हातगाडी उभी असे, अर्धी आत आणि अर्धी फुटपाथवर. पोपट वर चहा द्यायला गेला होता. स्पृहाने गाडी निरखली. वरची फळी म्हणजे चक्क सरकारी टेबलाचा पृष्ठभाग. खाली त्याच टेबलाचा खण, खणात साखर. भोवती कार्यालयातली स्टुलं. एवढ्यावर कुणालाही शंका येईल. तिने चिकटवला.

आठवड्याभराने अतिक्रमण हटवणाऱ्यांचा ट्रक आला. त्यांनी शेजारची वडापावची गाडी उचलली, मग पोपटची उचलली, लाल अक्षरं वाचली आणि अलगद होती तिथे ठेवली. सरकारने सरकारचंच सामान जप्त करून ठेवायचं कुठे? त्यांचा मुकादम खुलासा विचारायला थेट साहेबांकडे गेला.

“गावंडे,” साहेब म्हणाले, “आपण चहाची गाडी सरकारजमा केलीत?”

“मला शंका आली, साहेब. आत्ता खरवडून काढते.”

“नोंदवलेला क्रमांक खरवडून जात नसतो. ‘चुकीने क्रमांक दिला’ असा शेरा लागतो आणि खाली माझी सही. माझ्या सहीवर आजवर ‘चूक’ हा शब्द आलेला नाही. निघता निघता तर येणारच नाही.”

“मग गाडीचं काय करायचं?”

“सांभाळा. आपल्याच ताब्यात आहे.”

दुसऱ्या दिवशी पोपट तिच्या टेबलाशी हजर.

“मॅडम, चाक करकर करतंय. सरकारला सांगा, वंगण पायजे.”

त्याच्या मागे वडापाववाला दत्तोबा उभा होता. गाडी सोडवून आणताना त्याच्या नाकी नऊ आले होते. “मॅडम, आमच्या गाडीवर बी जरा शंका घ्या की.”

रात्री आईचा फोन आला. “काय करून राहिली वं?”

“चहाची गाडी सांभाळून राहिली.”

“आन् धरण?”

स्पृहाने विषय बदलला. तिला रडूच यायचं बाकी होतं, कारण दीपमालाबाईंनी कानावर घातलं होतं की साहेबांनी अहवालात लिहिलंय, ‘शंका फार घेतात.’ कायम झाली नाही तर कुठलं धरण आणि कुठलं पुणं!

महिनाअखेर उजाडली. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. साहेबांची खुर्ची घरी न्यायला टेम्पो आला. फाटकावर पहारेकरी संपतने रिवाजाप्रमाणे खुर्ची उलटी केली आणि तो थबकला.

“साहेब, नंबर हाय.”

“कसला नंबर? माझी खुर्ची आहे ती!”

“आसंल की. पर नंबर हाय. मॅडमला इचारा.”

साहेबांनी वाकून पाहिलं. बुडाशी लाल अक्षरं होती. पाठीला हात लावून ते सरळ झाले आणि स्पृहाकडे पाहू लागले.

“आपण जेवायला गेला होतात,” ती हळूच म्हणाली. “मला शंका आली.”

“ती माझी आहे, हे कुणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं!”

“मी सारखं विचारत होते, साहेब. आपणच म्हणालात, चिकटवा.”

दीपमालाबाई शेजारच्या झाडाकडे टक लावून पाहत होत्या. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. साहेबांची पाठ दुखत होती, आणि घरी मान टेकायला दुसरी खुर्ची नव्हती.

“आणा तो शेरा,” ते म्हणाले.

“खुर्चीचा एकटा करता येईल का? आधीची हातगाडी तशीच राहील. नंतर कुणी विचारलं तर—”

“दोन्ही आणा!”

टेम्पोच्या बॉनेटवर कागद ठेवून साहेबांनी दोन्हीखाली सही केली. मग खिशातून तिचा अहवाल काढला. ‘शंका फार घेतात’ याच्यापुढे जरा वेळ पेन थांबलं. त्यांनी लिहिलं, ‘कायम करावे. शंका घेणे चालू ठेवू द्यावे. पुढच्या प्रमुखांनी खुर्ची जपावी.’

टेम्पो गेला. स्पृहाला इतका आनंद झाला की कधी एकदा आईला फोन करते असं झालं. पण हातातलं काम आधी, म्हणून ब्लेड घेऊन ती हातगाडीशी गेली. पाहते तर स्टिकरवर पोपटने जाड पारदर्शक टेप लावली होती आणि वर हळदकुंकू वाहिलं होतं.

“पोपट, सही झाली. काढायला आले.”

“मॅडम, चा घ्या. साखर कमी करतो. पर त्याला हात लावू नका.”

तेवढ्यात कोपऱ्यावरून अतिक्रमणाचा ट्रक वळला. मुकादम उतरला, स्टिकरकडे पाहिलं, ब्लेडकडे पाहिलं.

“मॅडम, एकदा नक्की काय ते सांगा. ही गाडी सरकारचीच हाय ना?”

साहेबांच्या सहीचा कागद स्पृहाच्या पर्समध्ये होता. पोपटने किटली खाली ठेवली होती. तिने टेबलाच्या फळीवरून हात फिरवला, साखरेचा खण उघडून पाहिला, बंद केला. ही फळी इथे आली कशी, ते अजून कुणीच सांगितलं नव्हतं.

“शंका आहे,” ती म्हणाली.

मुकादमाने सुस्कारा सोडला आणि सरकारी स्टूल ओढून घेतलं.

“मग एक कटिंग दे बाबा.”