दानियलकाकांची वाढती पापं

दानियलकाकांची पापं दर रविवारी वाढत. नवी ते करीत नसत. जुन्यांतच भर पडे.

आमच्या घराशेजारी मिशनचं आवार होतं. काका तिथले माळी. मूळचे मंगळवेढ्याकडचे दगडू. तुरुंगातून सुटल्यावर बाप्तिस्मा घेऊन दानियल झाले. प्रार्थनेनंतर ज्याला वाटेल त्याने उठून साक्ष द्यायची, म्हणजे आपण काय होतो आणि प्रभूने कसं सावरलं ते चारचौघांत सांगायचं, अशी तिथली रीत. मी ख्रिस्ती नव्हतो, पण त्या वेळी प्रार्थनाघराच्या खिडकीशी उभा राहत असे. एका साप्ताहिकात कोर्टाच्या बातम्या लिहायचो. कोर्टात इतके रंगतदार कबुलीजबाब मिळत नसत.

"आता लपवून काय करू?" म्हणत काका उठत. उन्हाळ्यात त्यांनी एक घर फोडलं होतं. पावसाळ्यात सात झाली. दसऱ्याच्या सुमारास होटगीजवळ आगगाडी लुटली.

शाळेच्या मास्तरीणबाईंनी अडवलं. "काका, तुम्ही सांगता त्या वर्षी तर तुम्ही विजापूरच्या तुरुंगात होता ना?"

"व्हतो की."

"मग गाडी कशी लुटलीत?"

काकांनी क्षणभर छताकडे पाहिलं. "आता लपवून काय करू? तुरुंग फोडला व्हता."

मंडळी खूश झाली. पाळकसाहेब वैतागले. बाहेर त्यांनी मला गाठलं. "कोर्टातले जुने कागद बघून सांगा. खोटं असेल तर याची साक्ष बंद."

कागदात एकच गुन्हा निघाला. एक शेळी. तिनेच वाटेत ओरडून काकांना पकडून दिलं होतं. शिक्षा सहा महिने.

काका गुलाबाच्या वाफ्यात होते. मी शेळीचं नाव काढलं.

"लई गुणाची व्हती," ते म्हणाले. मग खुरपं खाली ठेवलं. "साहेबांना सांगणार?"

"त्यांनी विचारलंय."

"एक रविवार थांबा, दादा. त्यो पायरीवरचा यल्लप्पा ठावं हाय न्हवं?"

ठाऊक होता. मागावर विणणारा तेलुगू माणूस. दारूत बायकोचा डोळा फोडला होता. दारू सोडून वर्ष झालं. बायको आत बायकांत बसे, हा बाहेर चपलांशेजारी. पाळकसाहेब आत बोलवायचे. हा म्हणायचा, माझ्यासारख्याला आत जागा नाही.

"मी घरं फोडली, गडी हलला न्हाय," काका म्हणाले. "गाडी लुटली तवा दारापातुर आला. आता उंबराच ऱ्हायलाय."

"आणि खरी शेळी सांगितली असती तर?"

"शेळी ऐकून कोण आत येतंय?"

ते पुन्हा खुरपू लागले. जरा वेळाने म्हणाले, "सुटून आलो तवा मी सात म्हैने बसलो व्हतो त्या पायरीवर. आतलं समदं ऐकू यायचं. कुणी आळस केला व्हता, कुणी सासूवर रागावली व्हती. माझ्यापरास वाईट एक बी न्हाय."

पाळकसाहेबांना मी सांगितलं, कागद सापडत नाहीत. कामाच्या बाबतीत माझी ती पहिली खोटी बातमी.

त्या रविवारी दानियलकाकांनी पहिला खून केला. जागा भीमेचा काठ, हत्यार कुऱ्हाड. मयताचं नाव काय ठेवावं यावर ते अडले होते, इतक्यात यल्लप्पा उंबरा ओलांडून आला आणि शेवटच्या सतरंजीवर टेकला. त्याच्या बायकोने मान वळवून एकदा पाहिलं.

काकांनी मयताला तिथेच सोडलं, आमेन म्हटलं आणि खाली बसले.