अंधारखोलीतले मिस्त्री

मिस्त्रींनी आयुष्यात पुष्कळ खोल्या बांधल्या, पण प्रयोगशाळेतली अंधारखोली म्हणजे त्यांचा जीव की प्राण! "बाई, आत उजेडाचा एक ठिपका शोधून दाखवा!" असं त्यांनी मोठ्या बाईंना छातीठोकपणे सांगून टाकलं होतं.

मोठ्या बाई शास्त्रज्ञ. कणांवर कण आपटणारं एक अवाढव्य यंत्र तीस वर्षांनी उभं राहायचं होतं. त्या टकरीतून उधळणारे कण टिपायचं उपकरण बाई तीन वर्षं घडवत होत्या. आज तपासनीस साहेब चाचणी बघणार. उपकरण नापास झालं तर काम बंद, खोली दुसऱ्यांना!

उपकरणात काचेच्या वीस नळ्या. कण आरपार गेला की काजव्याहूनही बारीक चमक उठते, ती या नळ्या टिपतात. मात्र वीज चालू असताना कुणी दार उघडलं, तर उजेडाने वीसच्या वीस जळून खाक!

सकाळी मिस्त्री शेवटची तपासणी करायला आत शिरले. पद्धत अशी, की दार ओढून घ्यायचं, डोळे अंधाराला सरावेपर्यंत वीस मिनिटं गप्प बसायचं आणि मग भिंतीत कुठे भोक चमकतंय का बघायचं. मिस्त्री बसले. अंधार रजईसारखा मऊ होता. आभाळातून सारखे कण पडत असतात, तळहातातून सेकंदाला एखादा तरी आरपार जातो, असं बाईंनी एकदा सांगितलेलं त्यांना आठवलं. त्यांनी हात पसरला. एक... दोन... तीन... मोजता मोजता आपण पाण्यावर तरंगतोय आणि वरून चांदण्यांचा भुगा अलगद अंगावर पडतोय असं वाटायला लागलं. अंग हलकं झालं, हात हलके झाले आणि मिस्त्री चक्क घोरायला लागले!

जाग आली ती खट्‌ आवाजाने. मग पंख्याची घरघर. वीज चालू!

"मिस्त्री कुठे दिसत नाहीत?" बाहेरून साहेबांचा आवाज आला.

"आत्ता तर होते. चहाला गेले असतील," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ओरडलो तर घाबरून दार उघडतील! त्यापेक्षा बसू गप्प. हात पसरून ते पुन्हा कण मोजायला लागणार, तोच आठवलं. खिशात फोन! बंद करायचा म्हटलं तरी आधी पडदा उजळणार. आणि एक वाजता बायकोचा फोन ठरलेला!

त्यांनी स्वेटर काढला, आतल्या आत फोन त्यात गुंडाळला, वर टोपी कोंबली आणि सगळं पोटाखाली घेऊन जमिनीवर पालथे पडले. अंड्यांवर बसलेली कोंबडीच!

एक वाजला. पोटाखाली फोन थरथरला.

"आज नको गं बाई," मिस्त्री जमिनीला सांगत होते.

थांबला. पुन्हा थरथरला. नवरा उचलेपर्यंत हार मानणारी बाई नव्हती ती. सात वेळा!

दोन वाजता वीज बंद झाली, दार उघडलं.

"अहो मिस्त्री! हे काय करताय?"

"नळ्या वाचवतोय, बाई."

साहेब हातात लांबलचक कागद घेऊन पुढे आले. "एक वाजता इथे रेघेवर सात टेंगळं उमटलीत. हे कुठले कण?"

"आमची बायको, साहेब. जेवलात का विचारते."

बाईंनी कपाळाला हात लावला. साहेब मात्र पोटाखालचं गाठोडं बघतच राहिले. "स्वेटर, टोपी आणि वर एवढं पोट! तरी फोनचा उजेड नळ्यांना दिसला? बाई, तुमचं उपकरण पास!"

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या नियमांत एक नवी ओळ आली, तीही सगळ्यात वर. मिस्त्रींनी लगेच घरी फोन लावला. "ऐकलंस का? यंत्राच्या कागदांत माझं नाव छापलंय!"

"खरंच? वाचून दाखवा की!"

मिस्त्रींनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "वीज चालू करण्यापूर्वी मिस्त्री बाहेर आहेत याची खात्री..."

पलीकडे हसू फुटलं.

"...अक्षर ठळक आहे हां," मिस्त्री म्हणाले.