सदाच्या डोळ्यांपाशी अडणारा स्कॅनर

माझ्या सांगलीच्या छपाईच्या दुकानातला बापू संगणकाला जोडलेल्या यंत्रांची मरणं मोठ्याने जाहीर करायचा. "गेलं!" असं तो ओरडे आणि जरा वेळाने, तितक्याच गंभीरपणे, "आलं!" सांत्वन करावं की पेढे मागावेत, हे गिऱ्हाइकांना कळत नसे.

नव्वदचं दशक सरत होतं. यूएसबीचा स्कॅनर आमच्याकडे नवाच होता आणि मनात येईल तेव्हा संगणकाशी बोलणं टाकायचा. पडद्यावरून त्याचं नाव पुसलं जाई. कुणी हात न लावता परत उमटे. बापूने स्वतःला 'तांत्रिक सल्लागार' ही पदवी देऊन तशी पाटीही रंगवून घेतली होती. सल्ला एकच : "काढा, फुंका, लावा." अखेर त्याने केबल बदलली, ती दुसऱ्या भोकात खोचली आणि स्कॅनर शहाणा झाला.

मग एका दुपारी तासगावहून बापूचा चुलतभाऊ तात्या आला. हातात बापूच्या धाकट्या भावाचा, सदाचा, फोटो. सदा घरातून निघून गेला त्याला बारा वर्षं झाली होती. आता तो नाही असं धरून विधी करायचे, फोटो मोठा करून हार घालायचा, असं भावकीत ठरलं होतं.

झाकणाखालून उजेडाची पट्टी सरकू लागली. पडद्यावर केस आले, कपाळ आलं. डोळ्यांपाशी पट्टी थबकली.

"गेलं," बापू हळूच म्हणाला.

पुन्हा लावलं. पुन्हा डोळ्यांपाशीच. मी एक लग्नपत्रिका ठेवून पाहिली. ती अख्खी आली. परत सदा ठेवला. कपाळ, भुवया, आणि खाली काळोख. माझा भुतांवर विश्वास नाही. तरी तो फोटो मी अगदी कडेला धरून उचलला.

तात्याचा आवाज उतरला. "बापू, त्येला भिंतीवर यायचं न्हाई का रं?"

"मला काय इचारतोस? मशीन घेत न्हाई."

मी केबल बघायला टेबलाखाली वाकलो. संगणकाच्या खोलीत आम्ही सगळेच अनवाणी. बापूच्या पायाच्या अंगठ्याला केबलचा वेढा होता, ताणलेला.

मी उठलो. "केबल ठीक दिसते," म्हणालो.

तात्याने फोटो खिशात घातला. "ऱ्हाऊ दे गड्या. उद्या इस्लामपूरच्या स्टुडिओत देतो. तितं कॅमेऱ्यानंच काढत्यात."

तो गेला. बापूने अंगठ्याचा वेढा सोडवला.

"सायेब," तो म्हणाला, "इस्लामपूरपातुर माजा पाय पोचत न्हाई ओ."