तवाचं पाणी

आमच्या समोरचे काकाजी कोणाले "कसे आहा?" असं कधीच इचारत नाईत. म्हातारं माणूस दिसलं की हात धरतात अन् म्हणतात, "तुमच्या लग्नात नदीचं पाणी कसं होतं?"

आता सांगा! लग्नात पाण्याकडे कोण पाहते? रामाजी बुढा म्हणला, "मी नवरीकडे पाहून राह्यलो होतो, बाप्पा." काकाजी चिडले. "नवरी आजबी घरी आहे. पाणी गेलं!"

काकाजी वर्ध्याच्या कॉलेजात रसायन शिकवत. रिटायर होऊन इथं आमच्या आंजीले आले, एकटेच. डोक्यात एकच किडा, युरियाचं पोतं गावात आलं नव्हतं तवा नदीत नायट्रोजन किती होता. मी सातवीतून शाळा सोडलेली, मले काय समजते? पण ते सांगत, खत पावसासंगं नदीत जाते, काठच्या विहिरीत झिरपते. "आजचं मी मोजतो सूनबाई. तवाचं कोण सांगन?" तवा शेवाळ नव्हतं असं सांगितलं की बुढ्याले चाकलेट भेटे. एका बुढीनं तर पाणी उसासारखं गोड होतं म्हणून सांगितलं अन् दोन घेऊन गेली.

मीबी हसत होती. मंग माह्या बाळाचे ओठ निळे पडले.

दोन महिन्याचा जीव. मले दूध नव्हतं, डब्याचं दूध काठच्या विहिरीच्या पाण्यात कालवून पाजत होती. दवाखान्यात दाखवलं, काही सापडलं नाई. काय सांगू, मी नुसती त्याच्या नाकापाशी बोट धरून बसो, श्वास चालू आहे ना, चालू आहे ना. काकाजीनं येऊन बाळाचे नखं पाहिले अन् ओरडले, "हे पाणी बंद करा! यातल्या खतानंच निळं पडलं बाळ!"

माही सासू, आत्याबाई, उसळल्या. "तीन पिढ्या हेच पेल्या! अन् मी उकळून देते!"

"उकळल्यानं पाणी उडते बाई, खत नाई उडत! आनखी घट्ट होते!"

"विहीर तीच, पाणी तेच."

"तवाचं नाई हे!"

"मंग दाखवा तवाचं!"

तेच तर काकाजी गावभर हुडकत होते. अन् मी काय करू? घरात आत्याबाईच्या शब्दाबाहेर भांडंबी हालत नाई.

आत्याबाईनं बाळाकडे पाहिलं. देवघरात गेल्या अन् तोंड पक्कं बंद केलेला तांब्याचा गडू घेऊन आल्या. काशीचा. मरतानी त्यायच्या तोंडात घालाले ठेवलेला.

"गंगेचं मी काय करू?" काकाजी म्हणले.

आत्याबाई हळूच बोलल्या, "गंगेचं नाई. माहे सासरे, मामाजी, काशीले गेलते, पण इटारसीलेच पोट बिघडलं, परत आले. गाव हसन म्हणून आपल्याच विहिरीवर भरला. माह्या लग्नाच्या साली. कोणाले सांगू नका."

काकाजीनं गडू दोन्ही हातानं धरला अन् घरून सामान घेऊन आले.

दोन काचेच्या नळ्या, दोन्हीत तेच औषध; जितकं खत, तितका रंग गडद. आजचं पाणी गुलालावाणी झालं. गडूतलं जरासंच गुलाबी, बाळाच्या तळव्यावाणी. काकाजी ओसरीत नाचले. खरंच नाचले, एका हातानं धोतर सावरत!

आत्याबाई नाचल्या नाईत. माह्या नवऱ्याले म्हणल्या, "सायकल काढ. टेकडीच्या झिऱ्यावर जा, तिथं कोणाचं शेत नाई." काही दिवसातच बाळाचे ओठ लाल झाले, अन् असं भोकाड पसरलं की मी रडू का हसू! आता गावातल्या साऱ्या लेकुरवाळ्या त्याच झिऱ्यावर जातात, अन् काकाजी वाटेत उभे राहून त्यायच्या घागरी मोजतात.

एक दिवस काकाजी गडू घेऊन आले, मेणानं तोंड बंद केलेला. दारातच उभे राह्यले.

"सूनबाई, चमचाभरच लागलं. बाकी आहे तसंच आहे." मंग नजर चुकवत म्हणले, "माह्या घरी शेवटी पाणी घालाले कोणी नाई. यातला एक घोट माह्यासाठी ठेवशीन?"

मी गडू हातात घेतला. आतून आत्याबाईचा आवाज आला, "ठेवते ती. पण पैला नंबर माहा. मी तुमच्याहून मोठी आहो."

"घाई नाई, बाई," काकाजी म्हणले, अन् डोळे पुसत बाळाले मांडीवर घेतलं.