धुतल्या नाहीत, नुसत्या भिजवल्या

ओवीचा फोन आला तेव्हा मी चाकणला, कंपनीच्या कँटीनमध्ये ताक पीत बसलो होतो. एप्रिल संपत आला होता. डोक्यावरचा पंखा एका टेबलावरची गरम हवा उचलून दुसऱ्या टेबलावर नेऊन ठेवत होता, आणि समोर आमच्या स्टोअर्सचे साहेबराव डब्यातल्या काकडीच्या उरलेल्या फोडी कपाळाला लावून डोळे मिटून बसले होते. विशेष काही नसलेला मंगळवार होता.

"बाबा, तुझा व्हिसा झाला!" ओवी म्हणाली. "महिनाभर माझ्याकडे ये. त्या भट्टीत एकटा नको बसूस. इथं मस्त गार असतं."

ओवी माझी एकुलती एक मुलगी. जर्मनीत, स्टुटगार्टला नोकरी करते. 'भट्टी' म्हणजे आमचा रहाटणीतला फ्लॅट, वरचा मजला, पश्चिमेची भिंत. आणि 'एकटा' म्हणजे माझी बायको मृदुला फेब्रुवारीत गेली. आजार लहानसा होता. निदान आम्ही तो लहानच समजत होतो.

"आणखी एक," ओवी म्हणाली. "येताना आईच्या साड्या आण. कपाटातल्या नकोत. बेडरूमच्या दारामागं खुंटीवर असतात ना, घरात नेसायच्या, त्या."

"अगं, त्या जुन्या झाल्यात. मी पैठणी आणतो ना."

"पैठणी नको. खुंटीवरच्याच आण. आणि धुऊ नकोस."

मी "बरं" म्हणालो. मनात म्हटलं, तिकडचं वॉशिंग मशीन चांगलं असणार. (कंपनीत मी क्वालिटी विभागात आहे. एखाद्या पार्टात दोष निघाला की 'असं का झालं' हे पाच वेळा विचारायचं, असं नव्या मुलांना मीच शिकवतो. इथं मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही.)

फोन ठेवताच साहेबरावांनी कपाळावरची काकडी काढली. "जर्मनी? मदुभाऊ, लई गारठा राव तिकडं. आमच्या पाव्हण्याचं पोरगं हाय ना तिथं. नळाचं पानी गोठतं म्हणं."

"अहो, मी उन्हाळ्यात चाललोय."

"गारठ्याला म्हयना कळतोय व्हय? माझं जाकीट देतो, घिऊन जावा."

ऑडिट असल्यामुळे रजा जूनच्या अखेरीला मिळाली. म्हणजे मे महिनाभर मी रहाटणीत पूर्ण भाजून घेतलं आणि हवा छान गार झाली त्याच आठवड्यात उन्हाळ्यातून सुटका करून घ्यायला निघालो. बॅगेत दोन स्वेटर, माकडटोपी, लोकरीचे मोजे आणि साहेबरावांचं जाकीट होतं. खुंटीवरच्या दोन सुती साड्या सांगितल्याप्रमाणे न धुता, तशाच गुंडाळून घेतल्या. पण परदेशात नुसत्या जुन्या साड्या न्यायच्या हे काही बरं दिसेना, म्हणून कपाटातली एक नवी लाल इरकलीही टाकली. मृदुलाने दिवाळीनंतर घेतलेली. घडीही मोडली नव्हती.

ओवीचं घर इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर, उतरत्या छपराखाली होतं. दार उघडलं आणि तोंडावर जी हवा आली ती मी लगेच ओळखली. आमच्या हीट ट्रीटमेंटच्या भट्टीचं दार उघडल्यावर येते ती.

"पंखा लाव गं," मी म्हणालो.

"पंखा नाहीये बाबा. इथं लागत नाही."

"मग आज काय लागलंय?"

"आज हीटवेव्ह आहे. दुकानातले पंखे संपलेत. छत्तीसच आहे रे, तू तर चाळीसमध्ये राहतोस."

आता हे तिला कसं समजवायचं! चाळीसमध्ये मी राहतो, पण पंखा, फरशी, माठ आणि मृदुला यांच्यासह राहत होतो. इथं जमीन लाकडाची, छप्पर लाकडाचं, आणि बॅगेत माकडटोपी.

तिने साड्या मात्र आल्या आल्या मागून घेतल्या. खुंटीवरच्या दोन्ही एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून, आतली हवा दाबून काढून, झिप लावून कपाटात ठेवल्या. मला वाटलं, कसर लागू नये म्हणून. पोरगी आईच्या वळणावर गेलीय, असंही वाटलं. नवी इरकली तिने हातात घेऊन बघितली आणि "ही कशाला आणलीस?" एवढंच विचारून वरच्या कप्प्यात ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसला गेली. (ऑफिसला एसी होता. माणसं रजा टाकून घरी जातात, तिकडे त्या आठवड्यात रजा रद्द करून ऑफिसला जात होती.) दुपारपर्यंत मी फ्रिज उघडून त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसलो. मग फ्रिज शिट्टी वाजवायला लागला. तेव्हा मला मृदुलाची पद्धत आठवली.

मे महिन्याच्या दुपारी ती जुनी सुती साडी बादलीत बुडवायची, हलकी पिळायची आणि गॅलरीच्या दारात दांडीवर आडवी टाकायची. तिच्यातून जो वारा आत यायचा त्याला तोड नव्हती. रविवारी मी त्या साडीखाली फरशीवर आडवा व्हायचो आणि थेट संध्याकाळच्या चहाला उठायचो.

मी सुती कापड शोधायला लागलो. ओवीच्या चादरी कसल्याशा ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या. टॉवेल जाड. मग कपाटातली पिशवी दिसली. झिप लवकर उघडेना. शेवटी कात्री घेतली.

वरच्या कप्प्यातली इरकली धरून तिन्ही साड्या बाथटबमध्ये एकत्र बुडवल्या. खिडक्यांना दोनच पुरत होत्या, पण मी म्हटलं, कमी कशाला पडू द्यायचं? पिळून खिडक्यांच्या बाहेर दांड्यांना टाकल्या आणि बनियन-पायजम्यावर जमिनीवर आडवा झालो. काय सांगू! वारा आला. अगदी तोच. माणसाला त्या देशात आल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं आणि तो झोपला.

जागा झालो तो दारावरच्या थापांनी. उघडून बघतो तर दोन पोलीस. एक उंच बाप्या आणि एक तरुण बाई. मागे खालच्या मजल्यावरच्या वेबरबाई, हातात त्यांच्या बाल्कनीतल्या टेबलावरचा पांढरा टेबलक्लॉथ. त्यावर लाल थेंबांची रांग.

पोलिसाने आधी माझ्या हातांकडे बघितलं. मीही बघितलं. मनगटापर्यंत लाल. (नवी इरकली पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात ठेवायची असते. हे मृदुलाला माहीत होतं. ती ठेवायची म्हणूनच मी कधी लक्षात ठेवलं नव्हतं.) मग त्याने माझ्या खांद्यावरून उघड्या बाथरूमकडे बघितलं. टब लालभडक पाण्याने अर्धा भरलेला.

"इज दॅट युअर्स?" तो टबकडे बोट दाखवून म्हणाला.

मला वाटलं, साडी कुणाची विचारतोय. "नो, नो," मी म्हणालो. "माय वाइफ्स."

वेबरबाईंनी भिंतीचा आधार घेतला.

"अँड व्हेअर इज युअर वाइफ?"

"शी एक्स्पायर्ड."

"व्हेन?"

"फेब्रुवारी."

उंच पोलिसाने एकदा टबकडे, एकदा टेबलक्लॉथकडे बघितलं. फेब्रुवारीत गेलेल्या बाईचं रक्त आज खालच्या टेबलावर ठिबकतंय, याचा हिशोब त्याच्या चेहऱ्यावर जुळताना दिसत नव्हता. तो मला हात दिसतील असे वर धरायला सांगत होता आणि मी त्याला हात जोडून "कम, कम, सी" म्हणत होतो. शेवटी पोलीस बाई पुढे झाल्या, खिडकीपर्यंत गेल्या, साडीला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं आणि जर्मनमध्ये काहीतरी म्हणाल्या. मग त्या तिथंच थांबल्या. टोपी काढली. वारा आला होता.

थोड्या वेळाने चौघंही आम्ही त्या खिडकीसमोर उभे होतो. वेबरबाईंनी डोळे मिटले होते. उंच पोलिसाने मला अंगठा दाखवला आणि साडीचा फोटो काढला. घरी बायकोला दाखवतो म्हणाला. आपल्या देशाचं नाव काढलं असं मला वाटलं, आणि त्याच वेळी ओवी आली.

तिने पोलिसांना बघितलं, मला बघितलं, आणि मग खिडकी बघितली. पोलिसांशी जर्मनमध्ये नीट बोलली, वेबरबाईंची माफी मागितली, सगळ्यांना दारापर्यंत सोडून आली. मग खुंटीवरची एक साडी खिडकीतून ओढून घेतली. मूळची निळी होती, आता जांभळट झाली होती. ती तिने तोंडाला लावली आणि श्वास घेतला. परत घेतला. दुसरी ओढली.

"बाबा, हे काय केलंस?"

"रंग निघेल गं तो."

"रंगाचं नाही म्हणत मी. धुऊ नकोस म्हटलं होतं ना?"

"धुतल्या नाहीत," मी म्हणालो, "नुसत्या भिजवल्या."

हे वाक्य बोलता बोलता मला कळलं. पिशवी कळली, झिप कळली, 'कपाटातल्या नकोत' कळलं. पाचही 'का' एकदम सुटले. फेब्रुवारीपासून त्या दोन साड्या दारामागे होत्या, मी रोज ते दार उघडत-लावत होतो, आणि एकदाही त्यांना नाक लावलं नव्हतं.

ओवी रडली नाही. ओल्या साड्या मांडीवर घेऊन जमिनीवर बसली. मीही शेजारी बसलो. बाहेर ऊन जायलाच तयार नव्हतं, तिकडं ते जेवणवेळेपर्यंत टिकतं.

"साबणाचा वास येतोय का थोडा?" मी विचारलं.

"पाण्याचा येतोय. नळाच्या." मग म्हणाली, "बरं, तू सांग. आईच्या साडीला वास कसला यायचा?"

"सांगतो की. साबणाचा."

"साबण दर महिन्याला बदलायची ती. स्कीम असेल तो आणायची."

"मग फोडणीचा."

"फोडणीचा हातांना. साडीला, बाबा. इथं, खांद्यापाशी."

"खोबरेल तेलाचा?"

"तेल तुझं. ती लावायची नाही."

आयुष्यभर मी रिपोर्ट लिहिलेत. कुठल्या पार्टाला कुठं बारीक चीर आहे, कुठं रंग उतरलाय, मशीन गार ठेवणाऱ्या कुलंटला आंबूस वास का येतोय, हे मी तीन ओळींत लिहून देतो आणि माणसं त्यावर सह्या करतात. तिथं ओल्या जमिनीवर बसून मला एक ओळ सुचेना. वास आठवत होता. नाकाशी आल्यासारखा होत होता. पण तो कशाचा, ते काही केल्या सांगता येईना.

"थांब," मी म्हणालो, "आठवून सांगतो."

त्याला आता वर्ष होईल. इथं परत मे आलाय, साहेबराव काकड्यांवर आलेत. दर रविवारी ओवीचा व्हिडिओ कॉल येतो आणि बोलणं संपत आलं की ती विचारते, "आठवलं का रे?" मी म्हणतो, इथं एक्केचाळीस आहे गं, डोकं चालत नाही. हिवाळ्यात मी सर्दी झालीय म्हणून सांगायचो.

आठवून सांगतो म्हणालो होतो. अजून सांगितलेलं नाही.