मिनल मॅडमची कोंबडी

रविवारी सकाळी गणराज कोंबड्यांचे फोटो काढायला गावी आला, तर निळ्या कड्याची कोंबडी कुठेच दिसेना. त्याने खुराड्यात पाहिलं, कडब्याच्या गंजीमागे पाहिलं, पेरूच्या झाडावरसुद्धा पाहिलं. घाबरलेला माणूस कुठे पाहील याचा नेम नसतो. शेवटी तो स्वयंपाकघराच्या दारात आला. आत त्याची आई रतनबाई परात घासत होती आणि भिंतीतल्या दिवळीत, कुंकवाच्या करंड्याशेजारी, निळं प्लॅस्टिकचं कडं धुऊन पुसून ठेवलेलं होतं.

"आई, हे कडं कोंबडीच्या पायातलं ना?"

"व्हय. काढून ठेवलं काल. चांगलं हाय, वाया कशाला घालवायचं?"

"आणि कोंबडी?"

"काल उद्धवराव आलं व्हतं की. आखाडाचा पाव्हणा, त्याला काय मेथीची भाजी वाढू?"

गणराज उंबऱ्यावरच बसला. आईचं चुकलं असं कोणालाच म्हणता आलं नसतं. चाकणच्या आसपासच्या गावांत आखाडात दारी आलेला पाहुणा रस्सा न खाता गेला, तर त्या घरची अब्रू वेशीवर टांगली जाते. पण ही कोंबडी घरची नव्हती. तिचं नाव कुकी होतं आणि ती तळवड्याच्या आयटी कंपनीतल्या मिनल मॅडमच्या मालकीची होती.

त्याचं असं झालं होतं. गणराज चाकणला एका कंपनीत मशीनवर होता आणि बायको वर्षालीबरोबर पिंपरीत, संत तुकाराम नगरला राहत होता. वडिलांची, म्हणजे बबनरावांची, बहुतेक जमीन केव्हाच औद्योगिक वसाहतीत गेली होती. उरले होते वीस गुंठे. त्यावर आता उद्धवराव ट्रान्सपोर्टवाल्यांची नजर होती. मुरूम टाकून, पत्रे ठोकून तिथे कंटेनर उभे करायचे आणि बबनरावांनी घरबसल्या भाडं खायचं, असा त्यांचा बेत होता. बबनरावांना तो पटला होता. मुलाच्या आग्रहाखातर त्यांनी फक्त थोडी सवलत दिली होती. "आखाड सरंपतुर तुला मुदत. त्या तुकड्यातनं काय कमाई दिसली तर बघू. न्हाई तर श्रावणात मुरूम पडंल."

गणराजचा त्या वीस गुंठ्यांवर जीव होता. दिवसपाळी, रातपाळी करून त्याचं डोकं भणभणायचं आणि त्या तुकड्यात येऊन नुसतं उभं राहिलं तरी ते शांत व्हायचं. एकदा मुरूम पडला की ती जमीन परत माती होणार नाही, हे त्याला कळत होतं. म्हणून त्याने 'आपली कोंबडी' ही योजना काढली. गिऱ्हाइकाने एक कोंबडी आपली म्हणून घ्यायची, तिला नाव द्यायचं, दरमहा तिचा खर्च द्यायचा. गणराजने ती सांभाळायची, तिची अंडी घरपोच द्यायची आणि दर रविवारी तिचा ताजा फोटो पाठवायचा. ओळख पटावी म्हणून प्रत्येकीच्या पायात वेगळ्या रंगाचं कडं. गिऱ्हाइकं मोजकीच मिळाली होती, पण मिनल मॅडम त्यांच्या कंपनीत एचआरला होत्या. "मला अनुभव चांगला आला तर सगळ्या ऑफिससाठी ही स्कीम सुरू करू," असं त्या म्हणाल्या होत्या. म्हणजे वीस गुंठ्यांचं भवितव्य कुकीवर होतं, आणि कुकी त्या वीस गुंठ्यांचं माप घ्यायला आलेल्या माणसाच्या पोटात गेली होती.

"आई, नीट ऐक," गणराज म्हणाला. "या कोंबड्या आपल्या नाहीत. प्रत्येकीचा मालक वेगळा आहे."

"मालक येगळा, तर आपल्या दारात काय करत्यात?"

"आपण सांभाळतो. अंडी त्यांना देतो."

"मंग राखोळीला आल्यात म्हण की. आधी न्हाई का सांगायचं? दुसऱ्याच्या जनावराला मी कशाला हात लावंल?"

"ज्याची कोंबडी त्याची. लक्षात ठेव."

"ज्याची त्याला. ठेवलं ध्यानात," रतनबाई म्हणाली. तिने दिलेला शब्द आजवर कधी मोडला नव्हता, त्यामुळे गणराजला तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

फोटोचा प्रश्न राहिलाच होता. वर्षालीने फोनवर सल्ला दिला, "जुना पाठवा की. कोंबडीत काय कळतंय?" गणराजने उन्हाळ्यातला एक फोटो शोधून पाठवला. लगेच उत्तर आलं. "दादा, कुकीच्या मागे एवढं ऊन कसं? इकडे तळवड्यात सकाळपासून धो धो पाऊस आहे."

"इकडे जरा उघडलंय मॅडम," गणराजने लिहिलं. तळवडं तिथून जेमतेम अर्ध्या तासावर होतं आणि त्याच्या डोक्यावरची पत्र्याची पन्हळ तेव्हा वाहत होती.

"अरे वा. मग एक व्हिडिओ पाठवा ना."

त्यानंतरचा आठवडा त्याने नेटवर्कच्या नावावर काढला. कंपनीत मशीनसमोर उभा असतानाही फोन थरथरला की तो आधी मिनल मॅडमचा नाही ना ते बघायचा. एकदा तर त्याने मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, उलटा लावला आणि सुपरवायझरने विचारलं, "गणराज, घरी सगळं ठीक ना?" त्यावर "एक जण गेलं," असं तो बोलून बसला. सुपरवायझरने खांद्यावर हात ठेवून त्याला चहाला पाठवलं.

शनिवारी तो चाकणच्या बाजारात गेला आणि कुकीसारखी तपकिरी, मानेवर काळे ठिपके असलेली कोंबडी शोधून काढली. विकणाऱ्याने शपथेवर सांगितलं, "अंड्यावरची हाय भाऊ, उद्यापास्नं चालू." गणराजने ती घरी आणली आणि पायात निळं कडं घातलं. बबनरावांनी ओट्यावरूनच तिच्याकडे एक नजर टाकली.

"खुडूक हाय ती," ते म्हणाले. "आता महिनाभर अंड्याचं नाव घेऊ नगंस."

ती खरोखर खुडूक होती. पाटीत अंग फुगवून बसायची आणि कोणी जवळ गेलं की गुरगुरायची. रविवारी गणराजने तिचा व्हिडिओ पाठवला तेव्हा मिनल मॅडमचा फोनच आला.

"दादा, ही अशी एका जागी का बसलीय? आणि माझ्याकडे रागाने बघतेय."

"पावसाने मूड गेलाय तिचा."

"ती एकटी पडलीय का? मला फार वाईट वाटतंय. मी येते तिला भेटायला. टीमपण येईल म्हणतेय."

गणराजने घाईने कारण शोधलं. "आत्ता नको मॅडम, लसीकरण चाललंय. श्रावणात या, निवांत."

पण एचआरची माणसं 'नंतर या' म्हटल्यावर हमखास आधी येतात, हे त्याच्या लक्षात राहिलं नाही. पुढचा रविवार आखाडातला शेवटचा होता आणि गणराज ओव्हरटाइमला गेला होता. दुपारी मिनल मॅडमचा फोन आला.

"सरप्राइज, दादा. आम्ही चौघी पोचलो. तुम्ही दिलेल्या लोकेशनवरून बरोबर आलो. तुमची आई किती गोड आहे हो. जेवल्याशिवाय सोडणारच नाही म्हणते."

गणराजने हातातला पाना बाजूला ठेवला. त्याने बबनरावांना फोन लावला.

"आबा, आई कुठंय?"

"मागं हाय. कोंबडी सोलतीय."

"कुठली कोंबडी?"

"मला काय ठावं? कड्याची हाय येवढं दिसलं," असं म्हणून बबनरावांनी फोन ठेवला. पाहुण्यांसमोर फार वेळ फोनवर बोलणं त्यांना आवडत नसे.

सगळ्याच कोंबड्या कड्याच्या होत्या. गणराज सुपरवायझरला काहीतरी पुटपुटून निघाला. बहुधा पुन्हा कोणीतरी गेलं असंच तो म्हणाला, कारण सुपरवायझरने हात जोडले. तळेगाव चौकात कंटेनर नेहमीप्रमाणे अडकले होते. त्यांच्यामध्ये बाइकवर भिजत गणराज हिशेब करत होता. पिवळ्या कड्याची असली तर बँकेतल्या साहेबांची, हिरव्या कड्याची असली तर दातांच्या डॉक्टरांची. देवा, कोणाचीही असू दे, निळ्याची नको, असं तो मनापासून म्हणत होता. आई शब्दाची पक्की आहे, तिने बहुतेक शेजारून कोंबडी मागून आणली असेल, असंही त्याने स्वतःला समजावून पाहिलं.

तो घरी पोचला तेव्हा पडवीत पंगत बसली होती. मिनल मॅडम मांडी घालून, बाह्या सरसावून भाकरी चुरत होत्या. शेजारी बसलेली त्यांची सहकारी प्राजक्ता डोळे मिटून नळी चोखत होती. बबनराव कौतुकाने लिंबू पुढे सरकवत होते. गणराजने दारातून आत दिवळीकडे पाहिलं. कुंकवाच्या करंड्याशेजारी निळं कडं होतं.

त्याने आईला चुलीपाशी गाठलं आणि आवाज दाबून विचारलं, "आई, तू शब्द दिला होतास ना?"

"मंग? पाळला की," रतनबाई रस्सा ढवळत म्हणाली. "ज्याची त्याला म्हनलास ना तू? ती बाई सोता आली, निळी माझी हाय म्हनली. तिची तिलाच घातली. दुसऱ्याच्या एकीला बी हात लावला न्हाई मी. मोजून घे."

बाहेरून मिनल मॅडमची हाक आली.

"दादा, आलात का? काकूंच्या हाताला काय चव आहे हो. आता हात धुते, मग कुकीला भेटवा मला. आल्यापासून दिसली नाही, कुठे लपलीय ती?"

"ती मॅडम… पावसात बाहेर येत नाही. आज नको तिला त्रास द्यायला."

"आरं, खोटं कशाला बोलतूस लेकराशी?" पातेलं घेऊन बाहेर आलेली रतनबाई म्हणाली. "पोरी, तुझ्या ताटात हाय की ती. तुझीच व्हती म्हणून मोठा पीस तुला वाढला."

प्राजक्ताने नळी हळूच ताटात ठेवली. मिनल मॅडमनी ताटाकडे पाहिलं, रतनबाईकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. संपलं, गणराजला वाटलं. ऑफिस गेलं, जमीन गेली, उद्या मुरूम येणार. त्याला स्वतःलाही रडू फुटायच्या बेतात होतं, आणि अशा वेळी माणूस समोरच्याचं सांत्वन करायला जे तोंडाला येईल ते बोलतो.

"मॅडम, रडू नका. ही कुकी नव्हतीच."

मिनल मॅडमनी डोळे पुसले. "नव्हती म्हणजे?"

"ही बाजारातून आणलेली. कुकीसारखी दिसणारी."

"मग माझी कुकी कुठंय?"

"ती… पंधरा दिवसांपूर्वीच…" गणराज म्हणाला.

"उद्धवरावांनी खाल्ली," बबनरावांनी सरळ सांगून टाकलं. "ट्रान्सपोर्टवालं. आखाडाला आलं व्हतं."

मिनल मॅडमचं रडणं जागच्या जागी थांबलं. कपाळावर आठी चढली. "हे उद्धवराव कोण? पैसे ते भरत होते का?"

"न्हाई."

"नाव त्यांनी ठेवलं होतं?"

"न्हाई बा."

"मग माझी कोंबडी ते कशी काय खाऊ शकतात?" त्यांनी ओढणीने नाक पुसलं आणि थोड्या वेळाने, जरा खालच्या आवाजात, विचारलं, "लागली कशी होती?"

बबनराव आयुष्यात कधी चवीबाबत खोटं बोलले नव्हते. "मऊ. लोण्यावानी. ही आजची खुडूक व्हती, जरा जून निघाली."

"म्हणजे माझी मऊ कोंबडी त्या माणसाला आणि मला ही जून?" मिनल मॅडम ताटावरून उठल्याच. "गणराजदादा, हे चालणार नाही. याला काही पद्धत आहे की नाही? मी चार महिने तिचे फोटो बघितलेत."

"मॅडम, मी पैसे परत करतो. फक्त ऑफिसमध्ये सांगू नका…"

"पैसे कोण मागतंय? मला कोंबडी पाहिजे. ऑफिसच्या सगळ्यांना पाहिजे असणार. पण नियम मी करणार. अंडी देते तोवर अंडी. नंतर तिचं जे व्हायचं ते होईल, पण जेवायला मालकच बसणार. दुसरं कोणी नाही. रांधणार काकू. आणि नावं ठेवायची नाहीत, फोटो पाठवायचे नाहीत."

"मला लाल कड्याची," प्राजक्ता म्हणाली आणि पुन्हा नळी उचलली.

रतनबाईने मिनल मॅडमना हाताला धरून खाली बसवलं आणि ताटात गरम रस्सा ओतला. गणराज खांबाला टेकून उभाच होता. झालं ते चांगलं की वाईट, हे त्याला अजून नीटसं कळलं नव्हतं.

पंगतीकडे पाहत बबनरावांनी तंबाखू मळली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडे उद्धवराव होते, मुरमाच्या गाड्या कधी पाठवायच्या ते विचारत होते. बबनराव फोन घेऊन पडवीच्या कडेला गेले.

"न्हाई जमायचं उद्धवराव, जागा गुतली," ते म्हणाले. "आता हितं कोंबड्या वाढवायच्यात… व्हय व्हय, जेवायला या की, घर तुमचंच हाय… न्हाई, रस्सा न्हाई मिळायचा. तुमच्या नावाची कोंबडी न्हाई हितं. मेथीची भाजी हाय."