बिराजदार अण्णांची आयरिश चाल

माझ्या पुतण्याची वरात बिराजदार अण्णांनी भर रस्त्यात थांबवली. नवरदेव घोड्यावर, मागे रिक्षांचे हॉर्न, आणि आमचे हे शेजारी दोन्ही हात पसरून बँडसमोर उभे. मी हबकलेच. अण्णा विक्षिप्त आहेत हे मला ठाऊक होतं, पण विक्षिप्तपणानं आपल्या उंबऱ्याच्या आत राहावं, असं माझं आपलं मत.

अण्णा फिडल वाजवतात, म्हणजे तिकडचं व्हायोलिनच. नोकरी सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत, फिटरची. तरुणपणी तिथं यंत्र बसवायला आयर्लंडचा एक इंजिनिअर तीन महिने आला होता. जाताना त्यानं अण्णांना आपलं जुनं फिडल दिलं आणि आपल्याकडची एक नाचाची चाल शिकवली. अशा चालीला तिकडे रील म्हणतात. पहिला भाग दोनदा, दुसरा भाग दोनदा, की पुन्हा पहिल्यापासून. चालीचं नाव विचारायचं मात्र राहून गेलं. अण्णांना आजतागायत ती एकच चाल येते, आणि आमच्या दोन घरांत भिंत एकच असल्यामुळे ती मलाही येते.

तीन वर्षांपूर्वी अण्णांच्या पत्नी, महादेवीकाकू, गेल्या. मुलीनं वडिलांना विरंगुळा म्हणून मोठा फोन दिला आणि अण्णांना त्यात आख्खं आयर्लंड सापडलं. तेव्हापासून मला धक्क्यावर धक्के बसत आले आहेत. पहिला बसला तो प्रसाद द्यायला गेले तेव्हा. देवघरात स्वामींच्या तसबिरीशेजारी आयर्लंडचा नकाशा! मी त्यालाही चुकून हात जोडले.

“तितला एकेक जिल्हा येगळं वाजिवतो, बाई,” अण्णा म्हणाले. डोनेगल म्हणजे त्यांचा करमाळा, लांबचा आणि खडबडीत. क्लेअर निवांत, अक्कलकोटसारखं. आपल्या चालीला एका गावात कुणा मुलीचं नाव, तर पलीकडच्या गावात कोंबड्याचं. हे सगळं अण्णा एका वहीत उतरवत. तीन रकाने: गाव, कुणाकडून, मूळ. एका सकाळी ते असा चेहरा करून दारात आले, की मला वाटलं, नात्यातलं कुणी गेलं. तर चाल मुळात आयर्लंडची नाहीच, स्कॉटलंडहून आलेली आहे, असं कुणीतरी फोनवर सांगत होतं. “हिचं म्हायेरच दुसरं निघालं की,” म्हणाले. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही.

मी तीस वर्षं शाळेत पोरं गप्प बसवली आहेत. मला असला रिकामा उद्योग बघवत नाही. एकदा स्पष्टच विचारलं, अण्णा, हा खटाटोप कशासाठी?

तेव्हा त्यांनी सांगितलं. काकू भाकरी थापताना हीच चाल गुणगुणायच्या. दुसऱ्या भागात जिथं सूर खाली उतरतो, तिथं त्या खुशाल वर जायच्या. अण्णा बाहेरच्या खोलीतून ओरडायचे, “खाली उतर की!” हे मी भिंतीपलीकडून वर्षानुवर्षं ऐकलेलं होतं. काकू ऐकून घ्यायच्या आणि पुन्हा वरच जायच्या.

“तितं एकजण जरी वर जात असंल,” अण्णा म्हणाले, “तर तिचं बरोबर व्हतं. मीच जल्मभर उगं बोललो.”

वही भरत आली होती. तिकडचे सगळे खालीच उतरत होते.

आता वरातीचं. अण्णांना बँडचा भयंकर तिटकारा. पितळ कानात घुसतं म्हणून लग्नाकार्याला कायम काकूच जायच्या. यावेळी आहेर घेऊन त्यांना स्वतःलाच यावं लागलं. चौकात बँडनं एक उडती चाल धरली, पोरं नाचायला लागली. चाल ओळखीची वाटेपर्यंत कॉर्नेट फुंकणारा दुसऱ्या भागात शिरला, आणि सूर वर गेला.

अण्णांनी हात पसरले ते तेव्हा. “ह्ये कुटनं घेतलं?”

बँडमास्तर घाबरला. तो आमच्याच मागच्या गल्लीतला. कधीकाळी अण्णांकडे ही चाल शिकायला आला होता आणि अण्णांनी त्याला त्याच्या पितळेसकट हाकलून दिलं होतं. तो परत जाताना, हे त्यानंच आता सांगितलं, काकूंनी त्याला मागच्या दारी थांबवलं, पाणी दिलं, आणि पिठाच्या हातानं ताल धरून सगळी चाल गाऊन दाखवली.

“आमी काकूंचीच वाजिवतो, अण्णा,” तो म्हणाला. “आमचं बगून सोलापुरातले दुसरे बँडबी तशीच वाजिवत्यात.”

मला वाटलं, आता हे भर चौकात सगळ्यांना खाली उतरवणार. अण्णांनी पसरलेले हात खाली घेतले.

“परत वाजीव,” म्हणाले. “तितं वरच जा.”

अक्षतांची वेळ टळत होती. विहीणबाई माझ्याकडे डोळे वटारून बघत होत्या. आणि मी, जिनं आयुष्यात कुणाला पाच मिनिटं उशीर करू दिला नाही, ती अण्णांशेजारी उभी राहून ढसाढसा रडत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वही दाखवली. आयर्लंडच्या गावांखाली एक नवी ओळ होती. गाव: सोलापूर. कुणाकडून: महादेवी. मूळ: आमचं स्वयंपाकघर.